दोन बोटं कापड

तोंडावर सगळे तिला शिंपीणबाई म्हणत, पाठ फिरली की चोरकात्री. का, तर तिने शिवलेला प्रत्येक झगा आखूड, प्रत्येक पायजमा घोट्याच्या वर. कापड पुरतच नसे. पुरणार कुठून? सगळी गल्ली कापड घेई शेठकडे, आणि शेठचा लोखंडी गज मुळातच दोन बोटं कमी होता. शिंपीणबाईने ते केव्हाच ताडलं होतं. पण बोलली की लोक म्हणत, "तुझीच टेप ताणलेली असेल." विश्वास ठेवणारं माणूस एकच, तिची सासू. "माझी सून चिंधीलाही हात लावायची नाही," असं म्हातारी नळावर चारचौघींत ठणकावून सांगे. तेवढ्या आधारावर शिंपीणबाई मशीन चालवत होती.

मग मीटर आला. सरकारी शिक्क्याची पट्टी! तिला कोण ताणलेली म्हणणार? शिंपीणबाई हरखून गेली. गल्लीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आमच्या बापजाद्यांचं माप बदलणारे हे कोण टिकोजीराव? शेठने दुकानाच्या पायरीवर सभाच भरवली. ज्यांना तो वर्षानुवर्षं गंडवत आला, तेच हात दुखेपर्यंत टाळ्या पिटत होते. अशांची कीव करावी की दोन थोबाडीत द्याव्यात, कळत नाही.

शिंपीणबाई पट्टी घेऊन पुढे झाली. "शेठ, मीटर गजापेक्षा चार बोटं मोठा असतो. तुमच्या गजाशेजारी धरा, सहा निघतील."

शेठचा चेहरा खर्रकन उतरला, पण क्षणभरच. "फितूर झाली ही!" तो ओरडला, आणि लोकांना तेवढं पुरलं. पट्टीचे तुकडे झाले. तिच्याच गिऱ्हाइकांनी तिचा हात फळीवर दाबून धरला आणि शेठने त्याच गजाने बोटांवर हाणलं. अंगठा वाकडा झाला तो कायमचा.

त्याच थंडीत शेठ अचानक गेला. मुलगा म्हणाला, "बाबांचं कफन बाबांच्याच गजाने मोजायचं." सगळ्यांचे डोळे पाणावले. दोन पट्टे जोडायला कापड शिंपीणबाईकडे आलं, कारण गल्लीत दुसरं मशीन नव्हतं.

"हे कमी पडेल हो," ती म्हणाली.

"मापाचं तू बोलू नकोस," मुलाने दटावलं.

वाकड्या अंगठ्याने शिवताना तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. सासूला हाताला धरून ती मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिली. आता बघा म्हणावं, सगळ्यांदेखत.

डोकं झाकलं तर पावलं उघडी. पावलांवर ओढलं तर कपाळ उघडं. मुलाने पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. सगळे त्या पिवळ्या पावलांकडे बघत राहिले, आणि मग एकेक मान तिच्याकडे वळली.

"मेलेल्या माणसाचंही सोडलं नाहीस?"

तिची पिशवी हिसकून उलटी केली. कात्री पडली, दोऱ्याचं रीळ पडलं, आणखी काही नाही. "घरी लपवलं असेल," कोणीतरी म्हणालं, आणि चारजण तिच्या घराकडे धावले.

सासूने हळूच तिचा दंड धरला.

"कुठे ठेवलंस गं?" ती कानाशी पुटपुटली. "देऊन टाक."