पूर्वेच्या खिडकीचे पडदे

दुकानात शिरली की लतिका लतिका राहत नाही. कधी ती धाकट्या नणंदेच्या लग्नाची खरेदी करणारी वहिनी असते, कधी गुडघे दुखणाऱ्या सासऱ्यांसाठी बूट शोधणारी सून. तिला नणंदही नाही आणि सासरेही नाहीत. मिस्ट्री शॉपिंग हे तिचं काम. गिऱ्हाईक बनून जायचं, विक्रेते कसे वागतात ते पाहायचं, एजन्सीला जसंच्या तसं कळवायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. हवाई दलातल्या नवऱ्याची, शिशिरची, चंडीगढला बदली झाली तेव्हा ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आली आणि हे चोरपावलांचं काम तिनं हौसेनं धरलं. मला ते पहिल्यापासून पटलेलं नाही. पण गच्चीत ऊन खात ती त्या नसलेल्या नणंदेबद्दल असं काही बोलायची, की मीही भान विसरून विचारायची, "मग, आवडली का तिला साडी?"

मार्चमध्ये इथले रस्ते गळलेल्या पानांनी भरून जातात. त्या दिवसांत तिला पडद्यांच्या दुकानाचं काम मिळालं. दुकान सेक्टर बावीसमधलं, एवढंच मला ठाऊक. नाव तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. सोंग होतं नवं घर बांधलेल्या मालकिणीचं. आता, बदल्यांमागे फिरणाऱ्या बाईला पडदे म्हणजे काय ते विचारा! दर गावी खिडक्या वेगळ्या. जुन्या पडद्यांना कुठे पट्टी जोडायची, कुठे दुमड घालायची. स्वतःची अशी खिडकी लतिकाला कधी मिळालीच नव्हती. त्या दुकानात मिळाली. पूर्वेची, रुंद, खाली लिंबाचं झाड. सकाळचं ऊन कुठवर येतं, उंबऱ्यापाशी कसं थांबतं, सगळं ती हिंदीत सांगत सुटली. आणि बोलता बोलता एका कापडावर हात फिरवून पुटपुटली, "किती मऊ आहे गं बाई!"

झालं. समोरच्या विक्रेतीचे डोळे लकाकले. "ताई, तुम्ही आपल्याकडच्या?"

ती आश्लेषा. कराडकडची, नवरा इथून जवळच डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात. मग गाव कोणतं, माहेर कुठलं, इकडे कधी आलात. परमुलखात दोन मराठी बायका भेटल्या की नातं लागायला किती वेळ लागतो ते मी वेगळं सांगायला नको. लतिका त्या नसलेल्या घरातून बाहेर यायला तयार नव्हती आणि आश्लेषा तिच्याबरोबर आत शिरली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, आपलं घर समजून सांगते. ह्यातलं नका घेऊ. उन्हानं रंग उडतोय ह्याचा. मागच्या गल्लीत सुती कापड चांगलं मिळतंय. शिंपीपण हाय ओळखीचा. मी येते की संगं."

दोघींनी फोन नंबर घेतले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर लतिका भानावर आली. गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणं, याहून मोठा गुन्हा त्या दुकानाच्या लेखी नव्हता. खरं कळवलं तर पोरीचं काम जाणार, लपवलं तर आपण खोट्या ठरणार. ओळखीच्या माणसाची पाहणी करायची नाही, असा एजन्सीचा नियम आहे. तिनं तिथूनच एजन्सीतल्या निमिषला फोन लावला.

"ती मुलगी माझ्या ओळखीची आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"ठीक आहे मॅडम, तुमची भेट रद्द. दुसरं कुणी जाईल. पण तिला एक अक्षर सांगायचं नाही. शब्द पक्का?"

"पक्का."

हे सगळं तिनं गच्चीत मला सांगितलं, कारण तिला ते एकटीला पेलवेना. माझं डोकंच फिरलं. "अगं, शब्द कसला घेऊन बसलीस? पोरीला सावध कर!"

"सावध केलं तर उद्यापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला घाबरेल, वंदनाताई. मी कोण हे माहीत नसताना ती माझ्याशी खरं बोलली. ते मी तिच्याकडून काढून घेऊ?"

मी आणखीच चिडले. त्यानंतर आश्लेषाचे फोन येत राहिले. खिडकीचं माप घेतलंत का, ताई? लतिका म्हणायची, नाही गं अजून. फोन ठेवला की पानं पडत असलेल्या रस्त्याकडे बघत बसायची. नवं काम तिनं घेतलंच नाही.

मग एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती. फोन वाजला, हात गुंतलेले म्हणून तिनं स्पीकरवर टाकला.

"ताई, माझं काउंटर गेलं. गोदामात टाकलंय मला," आश्लेषा रडत म्हणाली. "कुणीतरी गिऱ्हाईक बनून आलं होतं म्हणे. त्यांनाबी मी खरं तेच सांगितलं असणार. आता बसल्या बसल्या सगळ्यांची तोंडं आठवतेय. ती म्हातारी सरदारनी, तो चष्मेवाला... सगळ्यांवर संशय घेऊन झाला, ताई. एक तुमच्यावरच येत नाही बघा."

लतिकाचे हात थांबले. आता तरी बोल, असं मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. तिची मला इतकी दया आली, की मीच पुढे वाकून म्हणाले, "पोरी, मी हिची शेजारीण. रविवारी आम्ही दोघी येतो तुझ्याकडे."

"या की!" रडता रडता ती हसली. "आणि ताई, घराला पडदे लागले का?"

"नाही गं," लतिका म्हणाली. "घरच नाही झालं अजून."