खाली सीट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या धारच्या आत्याबाईंचे. धरमपुरीला आमच्या घरात कॉलेजपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. बाबांनी मला धारला आपल्या धाकट्या बहिणीकडे ठेवलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी तिथेच राहिलो. आत्याबाईंचे यजमान शिवणकाम करत. घर दोन खोल्यांचं, त्यातली पुढची दुकानाला दिलेली. मला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून त्यांनी आपलं अंथरूण चुलीशेजारी नेलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत. शाळा हिंदी होती. मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं. बाबांना पाठवायच्या पत्रात हिंदी शब्द दिसला की म्हणत, "हा पाहुणा कुठून आला? त्याला ओसरीवर बसव."

मी देवासला कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो त्यानंतर काही वर्षांनी आत्याबाई पडल्या. प्लास्टर निघालं, पण डावा गुडघा वाकेना. काठी घेऊन घरात चालत. बसत त्या फक्त कपड्यांच्या उंच लाकडी पेटीवर, कारण तिथून स्वतःच्या बळावर उठता येई. बसची पायरी चढणं संपलं. एकदा लग्नाला जायला भाड्याची मोटार केली. तिची गादी इतकी खोल होती की मांडवापाशी पोचल्यावर त्यांना उठता येईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून बाहेर काढलं. वऱ्हाडी बघत उभे होते. आत्याबाईंनी पदर सारखा केला, जेवल्या, सगळ्यांशी नीट बोलल्या. पण त्यानंतर त्या घराबाहेर कुठेच गेल्या नाहीत.

अशात बाबांना अर्धांगाचा झटका आला. तेही धरमपुरीच्या घरातून हलू शकेनात. बहीणभावांमध्ये दोन तासांचाही रस्ता नव्हता, आणि भेट होत नव्हती.

म्हणून, गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात कारखान्याची रोजची ये-जा होतीच, पण त्याहून जास्त आत्याबाईंचा गुडघा होता. कारखान्यातले मित्र म्हणाले, "भिया, घेतोच आहेस तर डिक्कीवाली घे. बिनडिक्कीची गाडी म्हणजे बिनशेपटीचं वासरू." मी बायकोला घेऊन इंदूरला शोरूममध्ये गेलो आणि प्रत्येक गाडीत डाव्या बाजूच्या पुढच्या सीटवर डावा पाय ताठ ठेवून बसून पाहू लागलो. लांबलचक डिक्कीवाली दिसायला देखणी होती, पण तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसणं. जीपमध्ये चढताच येईना. शोरूमचा पोरगेला सेल्समन बराच वेळ बघत होता.

"भिया, पैर में चोट है क्या?"

"मेरे नहीं, आत्याबाई के पैर में है."

"तो आप काहे को लंगड़ा रहे हो?"

बायको तोंडाला पदर लावून हसली.

शेवटी कोपऱ्यातली एक छोटी गाडी पाहिली. उंच छपराची, मागून सुरीनं कापल्यासारखी. बायको म्हणाली, "हे कपाट आहे. आडवं करायचं राहून गेलंय." पण तिच्या सीटवर टेकायला चढावं लागलं नाही की वाकावं लागलं नाही. सीट मागे सरकवली, तर ताठ पायही आत आला. मग बायपासवर चालवून पाहिली. स्टिअरिंग हलकं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अशी उसळायची की मला कॉलेजातल्या भाड्याच्या सायकली आठवल्या. मागची सीट दुमडली की गॅसचं सिलिंडर आरामात मावे. हीच घेतली.

देवासला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी धारला फोन केला. फोन शेजारच्या किराणा दुकानात होता. आत्याबाई काठी टेकत येईपर्यंत मी थांबलो. आनंदानं म्हणालो, "आत्याबाई, गाडी आली. पुढची सीट तुमच्यासाठीच खाली आहे. रविवारी धरमपुरीला जाऊ."

आत्याबाईंनी विचारलं,

"खाली आहे?"

"हो, एकदम खाली. तिथे कुणाला बसू देणार नाही."

"नको रे," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं. दादाला माझा नमस्कार सांग."

मी खूप विनवलं. त्यांनी कारण सांगितलं नाही. त्यानंतर दोनदा फोन केला, तरी तेच. मी रोज त्या गाडीनं कारखान्यात जात होतो, आणि शेजारची रिकामी सीट बघून मला राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

महिन्याभरानं आत्याबाईंचा मुलगा दोरे-अस्तर घ्यायला इंदूरला आला, तेव्हा देवासला आमच्याकडेही डोकावला. मी त्याला स्टेशनवरून घेतलं. तो पुढे बसला, उतरला, पुन्हा बसला.

"ही तर चांगली उंच आहे," तो म्हणाला. "आई तर सांगत होती, सीट खाली आहे. म्हणाली, भावाच्या दारात मला पोत्यासारखं उतरवून घ्यायचं नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. माझं 'खाली' शाळेतलं होतं, हिंदीतलं. त्यांचं घरातलं.

तो गेल्यावर मी फोन केला नाही. बोलताना पुन्हा तेच शब्द तोंडात आले असते. मी पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप सौ. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

फोनवर मी सीट खाली आहे म्हणालो ते चुकलं. मला म्हणायचं होतं, रिकामी आहे. ती खाली मुळीच नाही. तुम्ही ज्या पेटीवर बसता, तिच्यापेक्षा बोटभर उंचच असेल. आधी पाठमोरं टेकायचं, मग वळायचं. डावा पाय तसाच सरळ आत येतो. मी स्वतः पाय ताठ ठेवून बसून पाहिलं आहे. उतरताना कुणाला हात लावावा लागणार नाही.

बाबा आता फार बोलत नाहीत, पण माणूस ओळखतात. परवा त्यांनी घरी त्यांचं सगळं करणाऱ्या वहिनीला विचारलं, "ती येऊन गेली का?"

रविवारी सकाळी मी धारला येतो. तुम्ही दारातल्या दारात नुसतं बसून पाहा. नाही जमलं, तर मी चहा घेऊन परत जाईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. जमलं, तर मात्र उतरू नका. आपण तसेच धरमपुरीला निघू.