पडून राहिल्याची घट

"लाभ," असं म्हणूनच आमच्या शेजारचे मापाडी कुठलीही मोजणी सुरू करायचे. 'एक' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. लाभ, दोन, तीन, चार. पोती मोजताना सगळेच मापाडी असं म्हणतात, तुम्हीही आडतीवर ऐकलं असेल. पण हे गृहस्थ दुधाच्या पिशव्या, जिन्याच्या पायऱ्या, झालंच तर आमच्या दारात उतरलेले पाहुणेही लाभपासून मोजायचे. एकदा त्यात पहिले माझे मेहुणे निघाले. त्यांना कुणी लाभ म्हटलं म्हणून माझी बायको दिवसभर हसत होती.

मी आखाडा बाळापुरात विज्ञानाचा मास्तर म्हणून आलो तेव्हापासून त्यांची आणि आमची भिंत एकच. गावात सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामा म्हणू लागलो. सारा जन्म त्यांनी हळद आणि सोयाबीन तोलण्यात घालवला. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर त्यांची गरज संपली खरी, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. पोत्याचा कान दोन बोटांनी उचलून ते वजन सांगायचे आणि काट्यावर फार तर अर्ध्या किलोचा फरक निघायचा. माणसंही त्यातून सुटत नसत. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "गुरुजी, तुमी ब्याऐंशी." बायकोला एकाहत्तर म्हणाले. ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, कारण आकडा बरोबर होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पडून राहिलेल्या पोत्यालाबी घट येते, गुरुजी." ओली हळद थप्पीला लावली, हात लावला नाही, उंदीर नाही, चोर नाही, तरी महिन्यानं वजन कमी भरतं. ओल उडून जाते. "काई न करता कमी होते. नुसतं पडून राहिली म्हनून." हे सांगताना ते असं बघायचे, की जणू हा शोध त्यांनीच लावला आहे आणि मी तो पुस्तकात घालायला हवा.

कॅलरीचं वेड गावात आलं ते हातातल्या घड्याळांबरोबर. सकाळी नांदेड रोडनं चालायला जाणारी मंडळी एकमेकांना सांगू लागली, आज चारशे जाळल्या, आज साडेचारशे. मामा ओट्यावर दात घासत ऐकायचे. एकदा त्यांनी एकाला थांबवलंच. "जाळल्या म्हनता, मंग राख कुठं हाय?" तो बिचारा घड्याळ दाखवू लागला. मामा म्हणाले, "आमचे हमाल दिवसाला शंभर पोते उचलतेत. त्याइच्या हाताला बांधा हे. फुटून जाईल."

मग मला विचारलं, ही कॅलरी म्हणजे आहे तरी काय. विचारलं की उत्तर द्यायचं ही माझी जुनी खोड. मी सांगितलं की शरीर चुलीसारखं असतं, काम केलं की जास्त सरपण लागतं, पण माणूस नुसता झोपून राहिला तरी काळीज चालू असतं, श्वास चालू असतो, अंग ऊन ठेवावं लागतं, त्याला सरपण लागतंच. मामांचा ब्रश तोंडातच राहिला.

"म्हंजे घट," ते म्हणाले. "पडून राहिल्याची घट."

इतकं बरोबर उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं नव्हतं. मी त्यांना शाबासकी दिली. त्या वेळी ती गमतीनं दिली होती.

दोन वर्षांनी मामींच्या अन्ननलिकेत गाठ निघाली.

मामी म्हणजे मामांच्या बरोबर उलट. मोजायचं म्हणून काही नाही. पीठ मुठीनं, मीठ चिमटीनं, शिव्या तोंडाला येतील तेवढ्या. मामांना त्या 'काटा' म्हणायच्या. "काटा कुठं गेला म्हन तुमचा?" म्हणून आमच्याकडे डोकवायच्या. आजार आल्यावर त्या आधी आवाजानं कमी झाल्या, मग अंगानं. नांदेडच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. डॉक्टरांनी मामांना एवढंच बजावलं: वजन अडतीस आहे, ते पस्तीसच्या खाली जाऊ देऊ नका. खाली गेलं तर हे औषध त्यांना सोसणार नाही, थांबवावं लागेल.

दुसऱ्या माणसाला ते वाक्य भीतीचं वाटलं असतं. मामांना त्यात काम सापडलं. उतरले ते थेट माझ्या दारात. "गुरुजी, तिची घट काढून द्या."

मी कागद घेतला. निरोगी माणसाचा एक ढोबळ अंदाज असतो, किलोमागे तासाला एक कॅलरी. अडतीस गुणिले चोवीस, नऊशे बारा. उठणं-बसणं, बाहेर जाणं, अधूनमधून ताप, असं धरून बाराशे. निरोगी माणसाचा अंदाज, हे मी म्हणालो की नाही, आता आठवत नाही. बहुधा म्हणालो नाही. ते इतक्या आशेनं माझ्या पेनाकडे बघत होते.

"बाराशे जाऊन राहिले तर बाराशे घालायचे. मंग वजन कसं हालंल?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्या घरात चमचे मोजले जाऊ लागले. तूप किती, शेंगदाण्याच्या लाडवाला किती, दुधात कालवलेल्या भाकरीला किती, सगळं मला विचारून त्यांनी पाठ केलं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "लाभ. गिळ. दोन. गिळ बरं, दोन." आणि मध्येच मामींचा बारीक आवाज, "पोत्यात माल भरून राहिले का तुमी?"

रविवारी बाजार बंद असला की ते मामींना रिक्षात घालून आडतीवर न्यायचे. गावातल्या दवाखान्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आडतीच्या काट्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, खुर्चीवर मामी, आणि मग खुर्चीचे दोन किलो तीनशे बारदाना म्हणून वजा करायचे. एकदा मीही गेलो होतो. मामींनी पदर तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, "हळदीच्या भावानं इकता का मला?"

"भाव चांगला हाय सध्या. इचार करून राहिलो," मामा म्हणाले.

दोघं हसले. बारदाना जाता सदतीस भरलं. हसू गेलं.

मामांना ते उमजेना. रोज संध्याकाळी ते मला सांगत, आज अकराशे ऐंशी, आज बाराशे बराबर. आणि काटा मात्र खाली. "माप कुठं तरी चुकून राहिलं, गुरुजी," ते म्हणायचे. "भरती बराबर हाय. मंग घट काहून?" मी आजाराचं काहीतरी सांगायचो. आजारच आतून किती खातो हे कुणाला नक्की सांगता येत नाही, असं म्हणायचो. ज्याला काटा बघून बोलायची सवय, त्याला असं उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे.

शनिवारी सकाळची शाळा. अशाच एका शनिवारी दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला मागच्या अंगणातून गेलो. मामींच्या बाजेशेजारी खिडकी होती, खिडकीखाली त्यांची शेळी बांधलेली. खिडकीतून एक वाळका हात बाहेर आला. हातात लाडू होता. शेळीनं तो असा घेतला, की तिला त्या वेळेची सवय असावी.

मी पुढे झालो तेव्हा मामी दचकल्या नाहीत. "बसा, गुरुजी. ते औषध आनायला गेलेत."

"मामी, हे काय?"

"गिळत न्हाई ओ. त्याइच्या देखत दोन-चार घास कसेबसे उतरतेत. बाकीचं म्हनते, ठिवा, खाते थोड्या वेळानं." थोडा दम खाऊन म्हणाल्या, "वाया न्हाई जात. तिच्या दुधातून येतं की परत मलाच."

"पण मामा..."

"हिशोब बराबर भरला तर त्याइला झोप येते. न्हाई तर रातभर बसून राहतेत. सांगू नका तुमी. माही शपथ हाय."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी आठ दिवस विचार केला आणि मग एक हुशारी केली, जिची मला अजून लाज वाटते. मी मामांना म्हणालो, आकडा जरा कमी धरला होता, चौदाशे करा. शेळीचा वाटा जाऊन मामींच्या पोटात थोडं जास्त जाईल, असं माझं गणित. मामांनी लगेच ऐकलं. भिंतीपलीकडे लाभ, दोन, तीन सुरू झालं ते थांबेचना, आणि तिसऱ्या दिवशी मला मामींच्या ओकाऱ्या ऐकू आल्या, आणि मामांचं पुन्हा पहिल्यापासून, "लाभ."

मी तोंडात घास घेऊन बसलो होतो. तो मलाही गिळवेना.

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. कुणाचंही नाव न घेता म्हणालो, "मामा, माझंच चुकलं. मामी आता पडूनच असतात. आठशे पुरे. तेवढे गेले की बास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोत्याचा कान उचलल्यावर बघायचे तसं.

"घट कमी झाली म्हनता?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं दोनशे ग्रॅम सोडलं नाही, त्यानं माझे सहाशे सोडून दिले, हे मला त्या वेळी लक्षातच आलं नाही.

नांदेडला जायच्या आदल्या रविवारी परत आडतीवर गेलो. मामींना आता खुर्चीत बसवून धरावं लागत होतं. मी हात सोडला आणि आकडा बघितला. छत्तीस किलो नऊशे. बारदाना वजा जाता चौतीस किलो सहाशे. वजाबाकी मला येते. मामींनी डोळे मिटूनच विचारलं, "किती?"

मामांनी घसा साफ केला. आडतीत मोठ्यानं वजन पुकारायचे त्याच आवाजात म्हणाले, "पस्तीस. बराबर पस्तीस."

सारा जन्म माप पुकारणाऱ्या त्या माणसानं खोटं माप पुकारलेलं मी ऐकलं ते तेवढंच. मामी म्हणाल्या, "बघा, म्हनलं होतं न्हाई मी, भरंल म्हनून?" आणि हसल्या.

नांदेडचा काटा पुकारून ऐकत नाही. तिथं चौतीसच लिहिलं गेलं. औषध थांबवलं, वजन वाढलं की या म्हणाले. मामा परत आले, मामींना बाजेवर निजवलं आणि ओट्यावर येऊन बसले. मला म्हणाले, "चारशे ग्रॅम, गुरुजी. चारशे ग्रॅमला काय लागतं? मूठभर शेंगदाने."  

मामी त्यानंतर एकवीस दिवस राहिल्या.

माती झाल्यावर रीतीप्रमाणं शेजाऱ्यांनी कडू घासाचं जेवण आणलं. घरात चूल पेटत नाही त्या दिवशी, बाहेरून आलेली पिठलं-भाकरी सुतकातल्या माणसांनी खायची, इच्छा असो नसो. सेनगावहून आलेल्या त्यांच्या लेकीनं ताट पुढं केलं. "आबा, एक घास तरी घ्या." मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, बारीक कुस्करला. आणि त्यांचा हात स्वतःच्या तोंडाकडं न जाता बाजेच्या रिकाम्या जागेकडं गेला.

"लाभ," ते म्हणाले.

लेकीनं तोंडावर पदर घेतला. हात तसाच राहिला. मग मीच तो धरून खाली घेतला.

महिनाभरानं लेक त्यांना सेनगावला घेऊन गेली. जायच्या सकाळी ते शेळी घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, तिकडं बांधायला जागा नाही, तुम्ही सांभाळा. मी दावं हातात घेतलं.

"चोवीस होती," ते शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले. "एकतीस झाली. तीन महिन्यांत सात किलो. कडब्यावर येतं व्हय येवढं, गुरुजी?"

माझा चेहरा उतरला असणार. म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाही?"

"तिला वाटायचं, हिशोब भरला की म्या झोपतो. मंग तिलाबी डोळा लागायचा." ते दाव्याची गाठ नीट करत होते. "म्हनून म्या डोळे मिटून पडायचो."

रस्त्यावर सेनगावची जीप हॉर्न वाजवत होती. ते गेले. आता त्या घराला कुलूप आहे आणि शेळी आमच्या अंगणात आहे. दुपारी ती खिडकीकडे तोंड करून उभी राहते. मी शाळेतून आलो की तिला भाकरीचा तुकडा देतो. वाळत चालली आहे असं बायको म्हणते. असेलही. किती, ते मला डोळ्यानं सांगता येत नाही.