डावा हात काकूंचा

मास्तरांना आयुष्यात कधी कोणी बॉस नव्हता, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवायचे. घराच्याच पुढच्या खोलीत स्वतःचं टेलरिंगचं दुकान, स्वतःची पायाने चालवायची मशीन, स्वतःची कात्री. गिऱ्हाईकसुद्धा मापाला उभं राहिलं की मास्तर म्हणतील तसंच उभं राहायचं, श्वास सोड म्हटलं की सोडायचं. असा हा माणूस साठी उलटल्यावर रोज सकाळी एका बॉसच्या हातून मार खाऊ लागला, तोही स्वतःच्या घरात, बायकोच्या देखत. हे कळलं तेव्हा त्यांच्या लेकीला फोनवर हसू आवरेना.

त्याचं असं झालं. मास्तरांना अर्धांगाचा हलकासा झटका आला. पाय सुधारला, बोलणंही सुधारलं (जरा जास्तच सुधारलं असं त्यांच्या बायकोचं म्हणणं), पण डावा हात रुसला तो रुसलाच. आता शिंप्याचा डावा हात म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. उजवा हात चाकाला गती देतो आणि पाय ती टिकवतो, पण कापड सुईखाली नेतो, वळवतो, आवरून धरतो तो डावा. मास्तरांनी दोनदा बसून पाहिलं. टीप अशी काही वाकडी गेली की त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि दुकानाचं शटर ओढलं. एका गिऱ्हाइकाचा कोट एकाच बाहीनिशी आत लटकत राहिला. मग त्यांनी जुन्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या मशीनवाल्याला निरोप धाडला, "येऊन घेऊन जा."

हा निरोप काकूंनी ऐकला. काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्या शाळेची व्हॅन चालवायच्या, आणि व्हॅनमधली पोरं त्यांना काकू म्हणत म्हणून सगळी गल्लीच म्हणायची. त्यांना पक्कं ठाऊक होतं की एकदा मशीन दारातून बाहेर गेली की हा माणूस खिडकीत खुर्ची टाकणार आणि येणारे-जाणारे बघत म्हातारा होणार. पण मास्तरांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हेही त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. त्या गप्प बसल्या आणि देव म्हणा, नशीब म्हणा, काहीतरी आडवं येण्याची वाट बघू लागल्या.

आडवा आला तो गेम. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो मास्तरांनी कपाटाखाली घालवला. तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, माझा टीव्हीला जोडायचा गेम माळ्यावर पडलाय. अंगठ्याला व्यायाम होईल." हा तोच गेम, ज्याच्यापायी लेक लग्नाआधी आपल्या खोलीत किंचाळायची आणि मास्तर बाहेरून ओरडायचे, पडद्यातल्या राक्षसाशी भांडून कोणाचं भलं झालंय? तिने सावधपणे सुचवलं, "त्यातला सोपा कुठलातरी लावा. तो तलवारीचा नको, तो तुम्हाला झेपायचा नाही."

झालं. मास्तरांनी तलवारीचाच लावला.

त्या गेमची रीत अशी की तुमचा एक योद्धा असतो, तो पडक्या किल्ल्यातून हिंडतो, मारामाऱ्या करून ताकद कमावतो, आणि प्रत्येक मोठ्या दरवाजामागे एकेक बॉस बसलेला असतो. बॉसने मारलं की मागच्या दिव्यापाशी परत उभं राहायचं आणि पुन्हा चालत जाऊन पुन्हा मार खायचा. हातातल्या रिमोटवर डाव्या अंगठ्याने योद्धा चालवायचा, उजव्या हाताने वार करायचा आणि कोलांटी मारायची. मास्तरांचा डावा अंगठा ढिम्म हलेना. योद्धा आपला खांबासारखा उभा, आणि पहिल्याच दारातला कुत्र्याच्या तोंडाचा पहारेकरी त्याचे लचके तोडतोय. मास्तरांनी दातओठ खात तो रिमोट गादीवर आपटला.

काकू नुकत्याच पोरांना शाळेत सोडून आल्या होत्या, व्हॅनची किल्ली अजून हातातच होती. त्या मास्तरांच्या डाव्या बाजूला टेकल्या आणि म्हणाल्या, "सरका. मी चालवते, तुम्ही मारा."

अशी ही जोडी जमली. रिमोट दोघांच्या मांड्यांवर मधोमध, डावी बाजू काकूंच्या हातात, उजवी मास्तरांच्या. पोरांना सोडल्यापासून शाळा सुटेपर्यंतचा वेळ त्यांचा. पडद्यावर ऊन यायचं म्हणून खिडकीला मास्तरांचंच उरलेलं अस्तर लावलेलं. पहिले काही दिवस योद्ध्याचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. काकू वळायच्या उजवीकडे, मास्तर वार करायचे डावीकडच्या हवेवर. "अगं, कुठे चाललीस?" "अहो, रस्ता तिकडे आहे!" "बॉस इकडे आहे ना पण!" संसारातली सगळी जुनी भांडणं त्या किल्ल्यात नव्याने झाली. पण पहारेकरी एकदाचा पडला. त्याच्यामागून हातोडा घेतलेला एक गंजका दांडगा आला, त्याला त्यांनी भंगारवाला नाव ठेवलं आणि आठवडाभर नाकी नऊ आणून त्यालाही लोळवलं. वाटेत चांगलं जाडजूड चिलखत मिळालं होतं, ते मास्तरांनी घालू दिलं नाही. खांद्यात बसत नाही, म्हणे. योद्धा शेवटपर्यंत एका पातळ पण नीट बेतलेल्या डगल्यातच फिरला आणि त्यापायी भरपूर मेला.

मग आली विहीणबाई.

ती किल्ल्याची राणी होती, लांब बाह्यांचा झगा घातलेली. दार उघडलं की अदबीने वाकून नमस्कार करायची आणि मान वर करता करता असा फटका द्यायची की योद्धा भिंतीला. काकूंनी पाहताक्षणी नाव ठेवलं. लेक फोनवर कुजबुजली, "आई, हळू बोल गं, सासूबाई शेजारच्या खोलीत आहेत."

नेमका याच सुमारास मशीनवाला टेम्पो घेऊन दारात आला. मास्तर रिमोट सोडायला तयार नव्हते. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "आज नाही. मी हातातलं काम अर्धवट टाकून दुकान बंद करणारा माणूस नाही. ही बाई एकदा संपू दे, मग फोन करतो. मग मशीन तुझी." मशीनवाला कुठल्या बाईला संपवायचंय हे न विचारता घाईघाईने निघून गेला.

काकूंच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. विहीणबाई जिवंत आहे तोवर मशीन घरात आहे.

त्यानंतर योद्ध्याच्या पळण्याला काही धरबंध राहिला नाही. विहीणबाईने हात उचलला की काकू मागे. बोट हलवलं तरी मागे. खरं सांगायचं तर निम्मी सवयच होती. मागे पोरं बसलेली असताना समोर काही धोकादायक दिसलं की ब्रेक मारायचा आणि गाडी मागे घ्यायची, हे काकूंच्या हाडीमासी भिनलेलं. पण उरलेलं निम्मं जाणूनबुजून होतं, आणि त्याबद्दल त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मास्तरांचीही एक खोड होती. संधी मिळाली की दोन वार करून थांबावं, तर ते तिसरा करायचेच. शिवण संपल्यावर टीप उसवू नये म्हणून शिंपी सुई मागे घेऊन पुन्हा एकदा चालवतो ना, पक्की टीप, तसा तो वार. त्या पक्क्या टिपेने दरवेळी घात व्हायचा. असा कारभार. एक पळतोय, एक हावरटपणा करतोय, आणि विहीणबाई मधे उभी राहून दोघांना सळो की पळो करतेय.

मास्तरांचं हसणं हळूहळू कमी झालं. एके दिवशी योद्धा पडला आणि ते आपल्या मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "हा धड असता ना, तर कधीच पाणी पाजलं असतं तिला. तुला उगाच ओढतोय मी यात. माझंच सगळं संपलंय."

त्या रोज हरत होत्या मास्तरांना वाचवायला, आणि मास्तर ती प्रत्येक हार आपल्या दुबळ्या हाताच्या नावावर लावत होते. हात तर काकूंचा होता, धडधाकट होता, आणि मुद्दाम पळत होता.

"तुमच्या हाताचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "मीच पळवते त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मेली की तुम्ही मशीन देणार. मला नाही द्यायची मशीन. तुमच्या त्या खडखडाटावर माझा स्वयंपाक चालतो हो. आता घर इतकं गप्प असतं की मला व्हॅनमधून खाली उतरावंसं वाटत नाही." हे बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, आणि भरून आल्याचा रागही आला.

मास्तरांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मग काय, जन्मभर जिवंत ठेवणार होतीस तिला?"

"ठेवली असती."

"आणि मी जन्मभर हरायचं?"

शाळा सुटायची वेळ झाली होती. त्या किल्ली घेऊन उठल्या, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नलला त्यांच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या परतल्या तर मास्तर पडद्याला नाक लावून बसलेले. "बघ, बघ," ते म्हणाले, "हिचा झगा ज्याने शिवलाय ना, त्याने काखेत कापड कमी सोडलंय. हात उचलायच्या आधी बगलेत चुणी पडते. ज्या बगलेत चुणी, त्या हाताचा फटका." इतका मार खाऊन वर मारणारीच्या झग्याची शिवण बघणारा माणूस तो हाच. "चुणी दिसली की तू मागे नको जाऊ. आत घे. तिच्या हाताखालून थेट आत. मी त्याच वेळी कोलांटी मारतो."

"आत? फटका येतोय तिकडे?"

"फटका लांबवर लागतो, बाई. जवळच्याला लागतच नाही."

काकूंनी पदर खोचला. आयुष्यात एकदाही त्यांनी समोरून येणाऱ्या संकटात गाडी घातली नव्हती. विहीणबाईने वाकून नमस्कार केला. चुणी पडली. "आत!" मास्तर ओरडले, आणि काकूंनी डोळे मिटून आत घातली. आपटले. पुन्हा दिव्यापासून चालत आले. पुन्हा आत, पुन्हा आपटले, पण या खेपेला जरा कमी. मग त्यांच्या लक्षात आलं की "आत" म्हणेपर्यंत उशीर होतोय. मास्तर बोलायचे थांबले आणि चुणी दिसली की नुसता कोपर लावू लागले. थोड्या वेळाने कोपराचीही गरज उरली नाही. काकूंनाच चुण्या दिसू लागल्या.

मग एक फेरी अशी आली की खोलीत कोणी चकार शब्द बोलेना. योद्धा फटक्यांच्या खालून आत शिरत होता, दोन वार करत होता आणि बाजूला होत होता. मास्तरांचा अंगठा तिसऱ्या वाराला शिवशिवायचा, पण त्यांनी तो आवरला. काकू थांबल्या की ते थांबत, त्या निघाल्या की निघत. विहीणबाईने दोन्ही हात उचलले, दोन्ही बगलांत चुण्या पडल्या, आणि योद्धा सरळ तिच्या छातीशी जाऊन उभा राहिला. दोन वार. राणी गुडघ्यावर आली आणि धुळीसारखी विरून गेली.

मास्तरांनी रिकाम्या जमिनीवर एक पक्की टीप घालून घेतली.

काकू एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारी दार वाजवून गेले. लेकीला फोन लागला, तिकडून लेक ओरडली, आणि यावेळी तिच्या सासूबाईंनीही काय झालं म्हणून विचारलं. त्यांना फक्त आई-बाबा खूश आहेत एवढंच सांगण्यात आलं. हसण्याचा भर ओसरला तेव्हा रिमोट अजून दोघांच्या मांडीवर होता. मास्तर त्याच्यावरच्या दोन हातांकडे बघत होते, एक आपला, एक तिचा.

मग म्हणाले, "फोन लाव मशीनवाल्याला. शब्द दिलाय."

काकूंनी लावला. जिंकल्याचा आनंद खरा होता, आणि त्याच्याखालचं दुःखही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांना सोडून त्या आल्या तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि दुकानाचं शटर अर्धं वर होतं. काकूंनी मन घट्ट केलं आणि वाकून आत गेल्या. मशीनवाला गोंधळून एका कोपऱ्यात उभा. मशीनवरची चादर खाली पडलेली, सुईत दोरा ओवलेला. मास्तर स्टुलाच्या उजव्या कडेला अंग चोरून बसले होते, डावीकडची अर्धी जागा रिकामी ठेवून. समोर कसलीशी चिंधी होती, आणि कोट हँगरवरून उतरवून मांडीवर घेतलेला.

"आलीस? बस," ते म्हणाले. "डावा हात दे."

काकू त्या अर्ध्या स्टुलावर जेमतेम टेकल्या. कापडावर हात ठेवला. मास्तरांनी चाक फिरवलं, पाय चालला, आणि तो खडखडाट सुरू झाला. सुई जवळ येताना पाहून काकूंनी सवयीने कापड मागे ओढलं. दोरा तटकन तुटला.

"अगं, आत! आत घे!"

"घेते हो, ओरडता कशाला?"

पुन्हा दोरा ओवला. या खेपेला टीप चालली. वाकडी होती, पण चिंधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. काकूंना समोरचं नीट दिसेनासं झालं, तरी त्यांनी हात काढला नाही.

मशीनवाल्याने हळूच विचारलं, "मग, मास्तर, मशीन?"

"आलाच आहेस तर तेल घालून जा," मास्तर मान वर न करता म्हणाले. "आणि कुठे एखादं लांब बाकडं दिसलं तर बघ. या स्टुलावर दोघं मावत नाहीत."