उसव

माझी शिंपीण मावशी तशी जिवाला जीव देणारी. पण वाकडी टीप दिसली की तिचं डोकं फिरायचं. "उसव," एवढंच म्हणायची. शिवण शिकायला येणाऱ्या परक्या पोरींना आणि पोटच्या पोरीलाही.

ती पोर सोळाव्या वर्षीच मन खचून अंथरुणाला खिळली. मावशी तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समोर रिकामी खुर्ची मांडली. "तुला आतून टोचणारा आवाज होऊन तिथे बस आणि बोल."

पोर तिथे बसली. आपण उठून आलेल्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, "हिला उसव. सगळीच उसव."

बाईंनी मावशीला विचारलं, "आता तुम्ही काय सांगाल लेकीला?"

 मावशीने लेकीला जवळ घेतलं. पण बोटांना बाहीवरची वाकडी टीप लागली, आणि नख आपसूक तिला उसवू लागलं.