बोट वर जायला लागलेला वेळ

विनायका, मी सांगली सोडली त्या सकाळी अण्णा एस.टी. स्टँडवर एक शब्दही बोलले नाहीत, असे तू घरात सर्वांना सांगत आलास. ते चूक आहे. धाकट्या भावाच्या नात्याने तू तेव्हा पेढे आणायला गेला होतास. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून सहा चिंचोके काढून माझ्या तळहातावर ठेवले. वर्षानुवर्षे रविवारच्या सामन्यांत ते पंच म्हणून उभे राहिले. दर चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. म्हणाले, "दिसेल ते द्यायचं. हवं ते नाही." आणि गाडी सुटली.

त्याला एकेचाळीस वर्षे झाली. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतला मी काम करायचो तो कारखाना बंद पडला, मी मात्र मैदानावर उभाच राहिलो. इथल्या खालच्या लीगमध्ये बाहेरचे पंच मिळत नाहीत. फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कोणीतरी पांढरा कोट घालतो. आपल्याच माणसाला बाद द्यावे लागण्याची ही रीत मला पहिल्या दिवसापासून पसंत पडली.

गेल्या रविवारी आपल्या मराठी संघाच्या शेवटच्या जोडीला पाच धावा हव्या होत्या. जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो. समोर कॅप्टन, म्हणजे माझा नितीन. चेंडू आत वळला आणि मधल्या यष्टीसमोर पॅडवर आदळला. मी बोट वर केले.

तेव्हापासून संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा खटला चालू आहे. पुण्याहून आलेला केदार लिहितो, "काका, त्यांच्या अंपायरने आपली दोन अपिलं खाल्ली. तुम्हालाच हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?" दुसरा मोतीबिंदूची अपॉइंटमेंट विचारतो. तिसरा म्हणतो, "यापुढे काकांनी स्कोअरबुक सांभाळावं, प्लीज." आणि तुझा फोन: "गोऱ्यांना खूश करायला पोटच्या पोराला बाद दिलंस म्हणे."

उत्तर ऐक. त्या दोन अपिलांपैकी एक आपलेच खोटे होते. दुसरे खरे होते, आणि ते मी टी-ब्रेकमध्ये सँडविच हातात धरून त्यांच्या पंचाला तोंडावर सुनावले. गोरे खूश झाले नाहीत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे गेल्या वर्षीच निघाले. बोट वर जायला वेळ लागला म्हणजे मला शंका होती, असे केदारचे म्हणणे. वेळ लागला, हे खरे. पण दिसायला नाही. दिसले तत्क्षणीच होते. ते नको होते, म्हणून हात जड झाला.

सोमवारी नितीन दारात आला. बूटही न काढता म्हणाला, "बाबा, बॉल मिडल स्टंपलाच लागत होता."

"मग ग्रुपवर लिही."

तो तसाच निघून गेला. तीन दिवस त्याने लिहिले नाही. पराभव मला लागला नाही. ते तीन दिवस लागले.

गुरुवारी त्याने पुढच्या रविवारची टीम टाकली. शेवटची ओळ, अंपायर: बाबा. केदारने खाली प्रश्नचिन्ह ठेवले. नितीनने उत्तर दिले, "आउट होतो मी. लिस्ट फायनल."

घरी परत कधी येणार, असे तू दर फोनला विचारतोस. आपली माणसे आपल्या बाजूने उभी राहतात ते घर, अशी तुझी व्याख्या. मला ती मान्य नाही. आपल्याच माणसाविरुद्ध बोट वर करून पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी जिथे उभे राहता येते, ते माझे घर. अण्णांचा एक चिंचोका इथल्या गवतात केव्हाच हरवला. त्याच्या जागी मी सीमारेषेपाशी सापडलेला खडा ठेवला आहे. षटक सहा चेंडूंचेच भरते.