लाल घातला, पांढरा निघाला

खरं तर ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही, असं आत्यानं बजावलंय. पण एवढा मोठा गाढवपणा पोटात किती दिवस ठेवू, तुम्हीच सांगा!

माझ्या आत्याची चितेगावला छोटी कंपनी आहे. उन्हावर कांदा वाळवायचं यंत्र बनवते. पुण्याच्या एक मॅडम ते बघायला आल्या होत्या. त्या भागीदार झाल्या नाहीत तर कंपनीच्या शेडला कुलूप, हे मला पक्कं माहीत होतं.

आत्यानं त्यांच्यासमोर लाल कांद्याच्या चकत्या ट्रेमध्ये पसरल्या. "चार तासांत वाळंल, अशी उमेद आहे." आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं!

दोघी जेवायला गेल्या. मी ट्रेमध्ये डोकावले. वाळतोय कसला? घाम फुटल्यासारखा ओला! फळीवर दुसऱ्या कारखान्यातल्या वाळलेल्या कांद्याचा नमुना होता. चार माणसांत तोंड न उघडणारी मी, पण हात बघा कसे चालले! ओला कांदा पोत्याखाली, नमुना ट्रेमध्ये.

जेवून आल्यावर मॅडमनी ट्रेमधली चकती मोडली. कुरकुरीत! "ढगाळ हवेतसुद्धा? मग ब्रोशरमध्ये तीन तास लिहू. नाही, दोनच लिहू!"

आत्या ट्रेकडे बघतच राहिली. "मॅडम, आपण लाल घातला होता. हा पांढरा आहे."

अरे देवा! कारखान्यात पांढराच वाळवतात, हे मला कुठं ठाऊक?

"वाळल्यावर रंग उडत असेल," मॅडम खुशीत म्हणाल्या. आत्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, नाही का?

"नाय मॅडम. हा माझ्या यंत्रातला नाय. वाळंल म्हणलं तर ती उमेद. दुसऱ्याचा आणून दाखवला तर चारशेवीस!"

मी थक्क झाले. शेडला कुलूप लागायची वेळ आलेली, आणि माणूस इतक्या शांतपणे खरं बोलू शकतो? पोत्याखालचा कांदा काढून मी पुढं ठेवला. डोळ्यांतून नुसतं पाणी. मॅडमना वाटलं, कांदा झोंबला!

त्यांनी होकार दिला नाही, पण नकारही नाही. "महिनाभर रोजचे खरे तास लिहून पाठवा. कोण लिहील?"

आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "ही. हिला लई हौस आहे ट्रे बघायची!"

तर आता तास लिहायची ही वही माझ्याकडं. आज सहावा तास चालू आहे. कांदा अजून थोडा ओला आहे, पण मी मोठ्यानं म्हणत लिहितेय, मला वाटतं, जवळजवळ—

"रेणे!" आत्या ट्रेपाशी उभी. "'जवळजवळ' लिहू नको! इकडं ये, हात लावून बघ आधी!"